उदगीरची मुलगी जपानच्या उंबरठ्यावर

महाराष्ट्रास जपानची ओळख नवी नाहीं. रशियासारख्या बलाढ्य राष्ट्रास जपाननें १९०५ सालीं नमविलें, तेव्हांपासून आपल्याकडील सुशिक्षित मंडळींच्या बोलण्यांत त्या देशाचें नांव आदरानें येऊं लागलें. स्वदेशीच्या त्या दिवसांत उद्योगधंदे शिकण्यासाठीं कित्येक तरुणांनीं विलायतेचा रस्ता सोडून पूर्वेचा रस्ता धरला. तळेगांव येथें १९०८ सालीं पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, त्याचें काम पाहण्यास आलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे जपानांत ही विद्या शिकून आले होते. पुढें १९१५ सालीं टोकियो येथील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारें एक लहानसें पुस्तक अण्णासाहेब कर्वे यांनीं वाचलें, आणि दुसऱ्याच वर्षीं हिंगण्यास आपल्या देशांतील पहिलें महिला विद्यापीठ जन्मास आलें. सत्तरी गांठलेले अण्णासाहेब १९२९-३० च्या जगप्रवासांत मुद्दाम जपानांत जाऊन तें मूळ विद्यापीठ आपल्या डोळ्यांनीं पाहून आले.

आमच्या मराठवाड्याकडे जपानची वार्ता आली ती मात्र निराळ्या वाटेनें. उदगीर त्या काळीं निजामाच्या राज्यांत असून बीदर जिल्ह्यांत मोडत असे. त्या राज्याचे शिक्षणखात्याचे प्रमुख सय्यद रॉस मसूद हे १९२२ सालीं जपानची शिक्षणपद्धति पाहण्यास गेले व परत आल्यावर १९२३ सालीं त्यांनीं तिजवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पाश्चात्त्यांचीं शास्त्रें आत्मसात करूनहि जपाननें आपली भाषा सोडली नाहीं, हें त्यांच्या मनावर विशेष ठसलें. गोष्ट मोलाची होती. परंतु निजामाच्या राज्यांत उच्च शिक्षणाचें माध्यम झाली ती उर्दू. मराठी, कानडी व तेलुगु बोलणारी बहुसंख्य प्रजा त्या लाभापासून दूरच राहिली. आमच्या वाड्यांतील वडील पिढी उजवीकडून डावीकडे लिहावयास शिकली ती याच काळांत, आणि १७ सप्टेंबर १९४८ नंतर येथील व्यवहाराचें रूप पालटलें.

हा इतिहास सांगण्याचें कारण असें कीं, जपानास जाणें ही आतां उद्योगपतींची किंवा शिक्षणतज्ज्ञांची मिरास राहिलेली नाहीं. पुण्यास जपानी भाषेचे वर्ग कित्येक वर्षें चालू आहेत. त्या भाषेच्या पांच पायऱ्यांच्या परीक्षेस महाराष्ट्रांतील मुलें-मुली मोठ्या संख्येनें बसतात. विद्यार्थिदशेंत जपान पाहून आलेले योगेंद्र पुराणिक पुढें नोकरीनिमित्त तेथें गेले, तेथलेच नागरिक झाले आणि एप्रिल २०१९ मध्यें टोकियोच्या एदोगावा विभागाच्या सभेवर लोकांनीं त्यांस निवडून दिलें. भारतांत जन्मलेल्या मनुष्यास जपानांत असा मान प्रथमच मिळाला. तेव्हां उदगीरसारख्या तालुक्याच्या गांवांतील घरांतूनहि हा प्रश्न आज ना उद्यां विचारला जाणार, कीं आपल्या मुलास अथवा मुलीस एक वर्ष तिकडे पाठवावें काय? आमच्या घरांत तो विचारला गेला. विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीच्या एका योजनेंतून आमच्या धाकट्या बंधूंची कन्या दहा महिने सेंदाई या शहरीं एका जपानी कुटुंबांत राहून, तेथल्या शाळेंत शिकून आली. तिचीं पत्रें, तिच्या आल्यानंतरच्या गोष्टी व त्यांवर घरांत झालेला खल यांवरून जें आम्हांस उमगलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

मुलगी निघण्यापूर्वीं घरांत तीन काळज्या होत्या. आमच्या मातुःश्रींस अन्नाची काळजी होती. मासळीच्या देशांत ही पोर खाणार काय? तिच्या आईस भाषेची काळजी होती. आणि आम्हां पुरुषमंडळींस, उघड बोलून न दाखविलेली, भूकंपाची काळजी होती. लातूर जिल्ह्यांतील मनुष्यास ती समजावून सांगावी लागत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, अनंत चतुर्दशीचें विसर्जन करून निजलेलीं गांवें, आणि तीन वाजून छपन्न मिनिटांनीं किल्लारी परिसरावर कोसळलेला तो घाला येथील एकहि घर विसरलेलें नाहीं.

परंतु प्रवासाअंतीं मुलीस प्रथम जें भेटलें तें भय नव्हतें, ओळख होती. जपानी घराचें दार उघडतांच आंत एक खोलगट चौक असतो. त्यास गेनकान म्हणतात. तेथें पादत्राणें काढावयाचीं, त्यांचीं तोंडें दाराकडे करून नीट जोडीनें ठेवावयाचीं आणि मग पायरी चढून घरांत पाऊल टाकावयाचें. बाहेरची धूळ त्या पायरीखालींच राहिली पाहिजे. आंत गेल्यावर पायांत घालावयास सपाता देतात, पण गवती चटयांच्या खोलींत त्याहि चालत नाहींत; आणि शौचकूपाच्या सपाता तर अगदीं वेगळ्या, त्या बाहेर आणणें म्हणजे मोठाच अनाचार! मुलीनें पहिल्याच पत्रांत लिहिलें कीं, "आजीस सांगा, येथें सर्वांचेंच सोंवळें आहे." मातुःश्रींनीं तें पत्र दोन वेळां वाचून घेतलें.

दुसरी ओळख बोलण्यांतील. सकाळीं घराबाहेर पडणारा जपानी मनुष्य "इत्तेकिमास" म्हणतो. त्याचा अर्थ "जाऊन येतों". घरांतलीं माणसें "इत्तेराश्शाई" म्हणतात, म्हणजे "जाऊन या". आपल्याकडे "जातों" म्हणणें अशुभ मानतात, "येतों" म्हणावें, हें आपण मुलांस पाळण्यापासून शिकवितों. नेमकी तीच गोष्ट साडेतीन तास आधीं सूर्य पाहणाऱ्या त्या देशांत शिकविली जात असलेली पाहून पोरीचा परकेपणा पहिल्याच सकाळीं निम्मा ओसरला.

भाषेचीहि तशीच गंमत झाली. जपानी लिपींत दोन अक्षरमाला असून प्रत्येकींत आज सेहेचाळीस अक्षरें वापरांत आहेत. शिवाय चीनकडून आलेलीं चित्राक्षरें निराळीं; नित्य व्यवहारासाठीं ठरविलेलीं तींच २१३६ आहेत. ऐकूनच छाती दडपते. परंतु अक्षरमालेचा क्रम पाहावा तर अ, इ, उ, ए, ओ. आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व. आपल्या वर्णमालेशीं याचें साम्य कोणाच्याहि ध्यानांत येईल. चवर्गाच्या जागीं स व पवर्गाच्या जागीं ह आला आहे एवढेंच, आणि तोहि त्या भाषेंतील उच्चार काळाच्या ओघांत बदलल्यामुळें. हा क्रम तेथें संस्कृताच्या अध्ययनांतून गेला. कूकाई नांवाचा जपानी भिक्षु ८०४ सालीं चीनमध्यें गेला, तेथें प्रज्ञ नांवाच्या भारतीय पंडितापाशीं संस्कृत शिकला आणि परतल्यावर कोयासान पर्वतावर त्यानें जो मठ स्थापिला, त्याच्या परंपरेंत मंत्रांचीं बीजाक्षरें सिद्धम् या भारतीय लिपींत आजहि लिहितात.

वाक्यरचनेविषयीं तर विचारूंच नये. कर्ता आधीं, कर्म मध्यें, क्रियापद शेवटीं. आणि आपल्या विभक्तिप्रत्ययांप्रमाणें नामाच्या मागून येणारे लहान लहान शब्द. इंग्रजी शिकतांना ज्या मुलीस वाक्य उलटें करावें लागे, तिला येथें तें सुलट ठेवूनच चाललें. शिवाय उदगीरचें मूल तसेंहि एकभाषी कधींच नसतें. घरीं मराठी, बाजारांत दखनी उर्दू, सीमेपलीकडील नातलगांशीं कानडी, असें त्याच्या कानांस वळण लागलेलें असतें. सीमेवरच्या गांवाचा हा लाभ आपण फारसा लेखीत नाहीं, पण परमुलखांत तो उपयोगीं पडतो.

शब्द आले तरी अर्थ यावयास वेळ लागला. जपानी मनुष्य तोंडावर "नाहीं" म्हणत नाहीं. तो "चोत्तो" म्हणजे "जरासें..." एवढेंच बोलून वाक्य अर्धवट सोडतो. मुलीनें एके दिवशीं यजमानीणबाईंस विचारलें कीं, शाळेंतील चार मैत्रिणींस संध्याकाळीं घरीं आणूं काय? बाई हंसून "चोत्तो..." म्हणाल्या. मुलीनें तो होकार समजून चौघींस आणून दारांत उभें केलें! कोणी कांहीं बोललें नाहीं, चहा झाला, पण घरांतील शांतता तिला दोन दिवस जाणवत राहिली. आमच्या मातुःश्रींस ही हकीकत कळली तेव्हां त्या म्हणाल्या, "अग, आपल्याकडे स्थळ नापसंत असलें कीं 'बघूं, कळवितों' म्हणतात, त्यांतलेंच तें." अगांतुक पाहुण्यास पाट मांडणें हा आमच्या घरांतील नित्याचा प्रकार. तेथें मात्र पाहुणा म्हणजे आधीं ठरवून करावयाचा समारंभ. दोहोंत कोणतें चांगलें हें सांगणें कठीण आहे. परंतु ज्याच्या घरीं जावयाचें त्याची रीत जाणणें हें जाणाऱ्याचें काम, यांत शंका नाहीं.

आतां अन्नाविषयीं. मुलीच्या घरीं मांस-मासळी वर्ज्य आहे हें यजमानांस आधींच कळविलें होतें. तरीहि पहिली अडचण आलीच. कारण जपानी स्वयंपाकाचा आत्मा दाशी नांवाच्या निवळ काढ्यांत असतो, आणि तो सामान्यतः वाळविलेल्या बोनितो माशाच्या किसाचा व कोंबू नांवाच्या समुद्रवनस्पतीचा करितात. भाजीची आमटी दिसावी, वरून मासा दृष्टीसहि पडूं नये, आणि तरी मुळांत तो असावा, असा प्रकार. आपल्या मुलांस पाठविणाऱ्या शाकाहारी घरांनीं ही गोष्ट अवश्य ध्यानांत ठेवावी. "मासा खात नाहीं" एवढें सांगून भागत नाहीं; "दाशीहि माशाची नको" असें स्पष्ट सांगावें लागतें. एकदां हें उमगल्यावर त्या बाईंनीं कोंबू व वाळलेल्या अळंब्यांचा काढा वेगळा करण्यास सुरुवात केली आणि दहा महिने तो नेम चालविला. परक्याच्या मुलीसाठीं रोज दुसरें भांडें चुलीवर चढविणाऱ्या त्या माउलीचें ऋण आमचें घर विसरणार नाहीं.

जपानांत निर्मांस अन्नाची परंपरा नाहीं असें मात्र कोणीं समजूं नये. बौद्ध मठांतील स्वयंपाकास शोजिन र्‍योरि म्हणतात. त्यांत मांस-मासळी तर नसतेच, पण कांदा-लसणासारखे उग्र गंधाचे पदार्थहि वर्ज्य असतात. आपल्याकडे चातुर्मासांत कांदा-लसूण न खाणाऱ्या घरास त्या पंगतींत अगदीं माहेरीं आल्यासारखें वाटेल. कोयासानच्या मठांतून उतारूंस असें जेवण आजहि मिळतें.

जेवणाच्या आरंभीं हात जोडून "इतादाकिमास" म्हणावयाचें, म्हणजे "नम्रपणें स्वीकारतों". आणि शेवटीं "गोचिसोसामा". या दुसऱ्या शब्दांत धांवपळ करण्याचा अर्थ दडलेला आहे. पाहुण्यासाठीं जिन्नस जमवितांना यजमानानें जी धांवाधांव केली, तिचे ते आभार. आपणहि अन्नास नमस्कार करूनच घास घेतों. परंतु स्वयंपाकघरांत सकाळपासून राबलेल्या बाईचे आभार मानण्याचा शब्द आपल्या पंगतींत कोणता? आमच्या घरीं या प्रश्नावर पुरुषमंडळी कांहीं वेळ निरुत्तर झाली, हें नमूद करणें प्राप्त आहे.

पंगतीचे निषेधहि तेथें आहेत. भाताच्या वाटींत काड्या उभ्या खोंचूं नयेत, कारण तसा भात मृतास वाढतात. एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत पदार्थ देऊं नये, कारण दहनानंतर अस्थि त्या रीतीनें उचलतात. दर्भ आणि पिंड यांचे नियम जाणणाऱ्या घरांतील मुलीस हें कारण दोनदां सांगावें लागलें नाहीं. आणि गोड पदार्थाविषयीं एक मौज सांगावयाची तर, तांबड्या आझुकि कडधान्याचें गोड सारण भरलेली मऊ रोटी तिनें प्रथम चाखली, तेव्हां तिच्या तोंडून एकच शब्द निघाला, "पुरण!" पुढें शिमग्याच्या सुमारास तिनें त्याच सारणाच्या पोळ्या लाटून यजमानांस वाढल्या. आईनें दिलेलें मेतकूट तर त्या घरच्या आजोबांस फारच आवडलें. गरम भातावर चूर्ण भुरभुरून खाण्याची चाल त्यांच्याकडेहि आहेच.

भूकंपाचा अनुभव यावयास तीन आठवडे लागले. रात्रीं जेवतांना दिवा हलूं लागला, कपाटांतील वाट्या वाजल्या. मुलगी किंचाळून दाराकडे धांवली. किल्लारीच्या वेळीं तिचा जन्महि झाला नव्हता, तथापि ऐकलेल्या गोष्टींनीं तिचे पाय उचलले. यजमान मात्र शांतपणें उठले, त्यांनीं शेगडी बंद केली, दार थोडें उघडून ठेवलें आणि तिला मेजाखालीं बसावयास सांगितलें. अर्ध्या मिनिटानें सर्व स्थिर झालें व जेवण पुढें चालू झालें. दार उघडून ठेवण्याचें कारण असें कीं, चौकट वांकली तर दार अडकून बसतें. ही शिस्त त्यांस कोणी ऐनवेळीं शिकविलेली नसते. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपांत टोकियो व योकोहामा जळून एक लाखांवर माणसें मेलीं. त्या दिवसाची आठवण म्हणून दर वर्षीं त्याच तारखेस देशभर तालीम होते. लहान मुलांस डोकें झांकून मेजाखालीं कसें शिरावें हें शाळेंत वारंवार करून दाखवितात, आणि दारापाशीं पाणी, विजेरी व कोरडें खाणें भरलेली पिशवी कित्येक घरीं तयार असते.

सेंदाई तर ११ मार्च २०११ च्या महाभूकंपाचें शहर. त्या दिवशीं समुद्र जमिनीवर चढून आला आणि त्या किनाऱ्यावरील सुमारें अठरा हजार माणसें मृत अथवा बेपत्ता झालीं. शहराच्या कांठीं अराहामा येथील प्राथमिक शाळेच्या गच्चीवर मुलें, शिक्षक व गांवकरी मिळून तीनशें वीस जीव वांचले. ती शाळा पाडून न टाकतां स्मारक म्हणून जशीच्या तशी जपून ठेविली आहे. आमच्या मुलीस तिच्या वर्गाबरोबर तेथें नेलें होतें. मराठींतून आम्हांस लिहिलेल्या पत्रांपैकीं हेंच पत्र सर्वांत लहान. तिनें लिहिलें, "आपल्याकडे घरें पडलीं तीं दगडमातीच्या जाड भिंतींनीं आणि माळवदाच्या ओझ्यानें. आपण नवीं गांवें वसविलीं; पण आपल्या शाळेंत मला कोणीं मेजाखालीं शिरावयास शिकविलें नाहीं." या वाक्यास उत्तर देणें आम्हांस जड गेलें. किल्लारीनंतर बावन्न गांवें नव्या जागीं उभीं राहिलीं, भक्कम घरें बांधलीं गेलीं, हें काम लहान नव्हे. परंतु आठवणीचें रूपांतर संवयींत करणें हें निराळें काम आहे, आणि तें सरकारपेक्षां शाळांनीं व घरांनीं करावयाचें आहे.

स्नानाविषयीं दोन शब्द. जपानी मनुष्य रात्रीं स्नान करितो. न्हाणीघरांत आधीं हौदाबाहेर बसून साबणानें सर्वांग स्वच्छ करावयाचें, आणि मग ऊन पाण्याच्या हौदांत गळ्यापर्यंत बुडून शांत बसावयाचें. तेंच पाणी घरांतील सर्वांनीं पाळीपाळीनें वापरावयाचें असतें, म्हणून त्यांत मळ येतां कामा नये. पहिली पाळी पाहुण्याची. दुसऱ्यानें वापरलेलें पाणी म्हणतांच आमच्या घरीं नाकें मुरडलीं गेलीं. पण मुलीचें म्हणणें असें कीं, आपल्या मागून येणाऱ्यासाठीं पाणी स्वच्छ राखण्यांतच तेथली शुचिता आहे. ही गोष्ट बारकाईनें पाहण्यासारखी आहे. आपल्या सोंवळ्यांत दुसऱ्याचा स्पर्श आपणांस होऊं नये ही चिंता; त्यांच्या न्हाणीघरांत आपला मळ दुसऱ्यास लागूं नये ही चिंता.

या भेदाचें खरें दर्शन तिला शाळेंत झालें. रोज ठराविक वेळीं सर्व मुलें झाडू, फडकीं व बादल्या घेतात आणि वर्ग, जिने व मार्गिका स्वतः झाडून पुसून काढतात. शौचकूपें धुण्याचीहि पाळी असते. यजमानांच्या धाकट्या मुलाच्या प्राथमिक शाळेंत तर दुपारचें अन्नहि मुलेंच पांढरे अंगरखे व टोप्या घालून एकमेकांस वाढतात. आमच्या मुलीची पहिली पाळी नेमकी शौचकूपाची आली. तिनें लिहिलें आहे कीं, बादली हातीं घेऊन ती दारांतच थबकली. तिच्या शेजारची मुलगी डॉक्टराची कन्या. ती गुडघे टेंकून फरशी घांसूं लागली, तेव्हां हिनेंहि बाह्या सरसावल्या. "आजी रागावेल असें वाटलें, म्हणून हें पत्र आठ दिवस पाठविलें नाहीं," असा शेवटीं खुलासा.

वाचकहो, आपल्या घरांविषयीं येथें स्पष्ट बोललें पाहिजे. शुचितेचा अभिमान आपण पिढ्यान्‌पिढ्या बाळगला. स्वयंपाकघर, देवघर, तुळशीवृंदावन आपण लखलखीत ठेविलें. परंतु मोरीपासून पुढचें, आणि शौचकूपाचें तर सर्वच काम आपण दुसऱ्यांवर टाकलें. आणि ज्यांनीं तें केलें त्यांसच अशुचि ठरविलें. हें सांगणारे जपानीच पहिले आहेत असेंहि नाहीं. गाडगे महाराजांचा खराटा महाराष्ट्रानें पाहिला आहे. कोंकणांतील अप्पासाहेब पटवर्धन, सुशिक्षित ब्राह्मण घरांतले, यांनीं १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत मैलासफाईचें काम आपणांस करूं द्यावें म्हणून अन्न वर्ज्य केलें होतें. आपण त्यांस वंदन केलें आणि खराटा पुन्हां होता तेथेंच ठेवून दिला. जपाननें तो शाळेच्या वेळापत्रकांत घातला, एवढाच काय तो फरक. पण तो लहान नव्हे.

म्हणून जपान म्हणजे रामराज्य असें चित्र आम्हांस रंगवावयाचें नाहीं. जनावरें मारणें, कातडीं कमावणें, प्रेतसंस्काराचीं कामें करणें, असे व्यवसाय ज्यांच्या वाट्यास आले, त्या बुराकुमिन म्हणविल्या जाणाऱ्या लोकांस तेथेंहि शतकानुशतकें अस्पृश्यासारखें वागविलें गेलें. १८७१ सालीं कायद्यानें तो भेद मोडला, तरी मनांतून गेला नाहीं. १९२२ सालीं क्योतो येथें त्या लोकांनीं आपली संघटना स्थापून समतेचा लढा सुरू केला. विवाहाच्या वेळीं कुळाची चौकशी करण्याचे प्रकार त्यानंतरहि दीर्घकाळ चालत आले. तात्पर्य, मुलांच्या हातीं झाडू दिल्यानें समाजाचें अंतःकरण आपोआप धुतलें जातें असें नाहीं. हात आणि मन दोन्ही धुवावीं लागतात.

एकटेपणाहि मुलीनें पुष्कळ भोगला. आमच्या वाड्यांत एकटें बसावयास कोपरा मिळत नाहीं. तेथें आगगाडींत शेंकडों माणसें, पण शब्द नाहीं. दुसऱ्यास आपला उपद्रव होऊं नये ही त्यांची शिकवण पराकोटीस गेली कीं, मनुष्य आपलें दुःखहि दुसऱ्याचा उपद्रव समजून गिळतो. हिंवाळ्यांत बर्फ पडूं लागलें, दिवस चारच्या सुमारास मावळूं लागला, तेव्हां तिच्या पत्रांतून घरच्या गडबडीची भूक दिसे. यजमानीणबाईंनीं ती ओळखली. एके रात्रीं त्या हिच्या खोलींत येऊन बसल्या आणि आपल्या २०११ च्या आठवणी प्रथमच मोकळेपणीं बोलल्या. नंतर त्या म्हणाल्या कीं, "तूं नेहमीं विचारीत असतेस, म्हणून मला सांगतां आलें." आपल्याकडील चौकसपणास आपण नेहमींच दोष देतों, त्यानें एका परक्या बाईचें मन हलकें केलें, हेंहि लिहून ठेवावयास हवें.

मुलगी परत आली. तिसऱ्या दिवशीं सकाळीं ती मोरी व शौचकूप घांसूं लागली. मातुःश्री दारांत उभ्या राहून म्हणाल्या, "बाळ, मावशी येतील आतां. तुझें काम नव्हे तें."

"आजी, मग कोणाचें ग?" एवढेंच ती बोलली.

इतक्यांत कामाच्या मावशी आल्या. त्यांनीं तो प्रकार पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "ताई, माझ्या हातून कांहीं चुकलें का? काम काढून घेतां होय?" त्यांच्या घरीं तीन मुलें, आणि पगारावर चूल. एकाच मोरीपाशीं तिघींचे तीन प्रश्न उभे राहिले, आणि तिन्ही खरे होते. त्या दिवशीं संध्याकाळीं सर्व मंडळी बसली. ठरलें तें असें: मावशींचा पगार एका पैशानेंहि कमी व्हावयाचा नाहीं, त्या स्वयंपाकघरांत व कोठीच्या कामांत मदत करतील, शौचकूप व मोरी घरांतील माणसांनीं पाळीनें धुवावी, आणि त्या पाळींत पुरुषांचीं नांवें आधीं लिहावीं. मातुःश्रींस मावशींनीं स्वयंपाकघरांत येणें सहज रुचलें नाहीं. चार दिवस त्या अबोल होत्या. पांचव्या दिवशीं त्यांनीं स्वतःच मावशींस पोळ्या लाटावयास बोलाविलें. सून किंवा नात यांपैकीं कोणींहि त्यांस आग्रह केला नव्हता.

ज्या घरांत असा प्रवास ठरत असेल त्यांस कांहीं सूचना कराव्याशा वाटतात. अक्षरमाला व शंभर-दोनशें शब्द येथेंच शिकवून पाठवावें. अन्नाचे नियम आधीं लेखी कळवावे, पण जे नियम मुलास मनापासून पाळावयाचे नाहींत ते आपल्या भिडेखातर त्याच्यावर लादूं नयेत. गरम कपड्यांचा विचार आपल्या थंडीच्या मानानें करूं नये. आणि रोज दूरध्वनीवर तासभर बोलत बसूं नये. तिकडच्या घरांत मूल रुळावयाचें असेल तर इकडच्या घरानें थोडें मागें सरलें पाहिजे.

शेवटीं एक जुनी गोष्ट. इ. स. ७३६ मध्यें बोधिसेन नांवाचा एक भारतीय भिक्षु चीनमार्गें जपानांत पोहोंचला. तो जन्मानें ब्राह्मण, भारद्वाज गोत्राचा, असें तिकडील नोंदींत आहे, आणि तेथील लोक त्यास "ब्राह्मण धर्माध्यक्ष" अशा अर्थाच्या पदवीनेंच ओळखीत. नारा येथील महाबुद्धाच्या प्रचंड मूर्तीचे डोळे ७५२ सालीं त्याच्या हातून रंगविले गेले. तो जपानासच राहिला आणि तेथेंच वारला. त्या काळीं शिकविणारे गेले. आज शिकणारीं मुलें जात आहेत. या येण्याजाण्यास अदलाबदल म्हणतात, तेव्हां तिकडून आलेली वस्तु ठेवावयास घरांत जागा करणें ओघानेंच आलें. मुलीस शिष्यवृत्ति, प्रमाणपत्र व छायाचित्रें मिळालीं, तीं कपाटांत राहतील. पण ती जें हातांत घेऊन आली त्यास जागा द्यावयाची कीं नाहीं, हें ठरविणें तिच्या हातीं नसून तिच्या वडीलधाऱ्यांच्या हातीं आहे. मुलांस दूरदेशीं धाडणाऱ्या प्रत्येक घरानें तीं निघण्यापूर्वींच याचा विचार करून ठेवावा, एवढीच आमची विनंति.